खेळायचा पगार

किस्से गोळा करायला मी काही मुद्दाम बसत नाही हं! पण आमच्या ऑफिसात मूठभर माणसं, एकच अरुंद जिना आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर मत. अशा जागी रोज काहीतरी घडतंच. घरी भाजी चिरता चिरता मला एकटीलाच हसू फुटतं आणि नवरा विचारतो, "आज कोण?" काय झालं, असं तो विचारतच नाही. थेट "आज कोण?"

आता हे किस्से पोटात मावेनात, म्हणून सांगते.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, एका चपलांच्या दुकानावर. आम्ही मोबाईलचे गेम बनवतो. गेम मागवणारी कंपनी बेंगळुरूची. आम्ही तो तयार करायचा, तपासायचा आणि मराठीत आणून द्यायचा. सध्या चाललाय तो मातीतल्या कुस्तीचा. मी आधी शाळेत मराठी शिकवायची, आता गेममध्ये स्क्रीनवर जी वाक्यं येतात ती लिहिते. त्यामुळं इथंही सगळे मला "बाई"च म्हणतात.

मालक म्हणजे मगदूम अण्णा. घरचा पिढीजात व्यापार सोडून या वयात गेमच्या नादी लागलेला माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

*

जिन्याखाली आम्ही चपला काढतो आणि शेजारीच दुकानातला माल मांडलेला असतो. एकदा पुण्याचे एक पाहुणे आले. दुकानातला प्रत्येक जोड त्यांनी घालून बघितला आणि प्रत्येक जोड त्यांना चावला. नवी कोल्हापुरी चावणारच की! शेवटी वैतागून त्यांनी सहज पाय घातला तो अण्णांच्या चपलेत.

"वा! ही द्या!"

दुकानदाराला वाटलं, आपलाच एखादा जुना नमुना असेल. दिली बांधून!

संध्याकाळी अण्णा खाली उतरले तर चपला गायब. शोधाशोध झाली, उलगडा झाला. दुकानदार कानाला हात लावून म्हणाला, "चुकलो अण्णा! पण त्यांचं बी खरं हाय. नवी चावती. तुमची शिकलेली हुती!"

त्यानं नवा जोड दिला. पुढं कितीतरी दिवस अण्णा लंगडत ऑफिसला यायचे आणि आम्हाला म्हणायचे, "कोल्हापुरात अनुभवाला किंमत न्हाय असं कोण म्हणतंय रं?"

*

अण्णा जैन. दिवस बुडायच्या आत जेवतात. यात तडजोड नाही, मग समोर कोणीही असो.

बेंगळुरूच्या मॅनेजरला नेमकं संध्याकाळीच व्हिडिओ मीटिंग घ्यायचा सोस. त्यात एकदा त्यानं तरुणांनी रोज बारा-बारा तास काम केलं पाहिजे, यावर भाषण सुरू केलं. आमचा रणजीत, म्हणजे रणज्या, कोडिंग करतो आणि रविवारी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर असतो. तो माझ्या कानात म्हणाला, "बाई, गोलकीपर अख्खी मॅच उभा असतोय. काम किती? दोन उड्या! पण त्या दोन उड्या ह्यानं मारून दावाव्या!"

तेवढ्यात अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं, डबा उघडला आणि कॅमेऱ्यासमोरच भाकरी मोडली. "साहब, दिन डूब रहा है. तुम बोलते रहो."

पहिल्यांदा मॅनेजर गडबडला. पुढच्या वेळी त्यानं डब्यात भाजी कसली आहे ते विचारलं. आणि आता? परवा मीटिंग ऐन रंगात असताना मॅनेजरच लॅपटॉप मिटत म्हणाला, "अण्णाजी, चलता हूँ. हमारे यहाँ आपसे पहले डूबता है!"

*

आता माझी फजिती.

गेममध्ये पैलवान हरला की स्क्रीनवर एक वाक्य येतं. मी लिहिलं होतं, 'आपला पराभव झाला आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' शुद्ध, सभ्य, कुणाला बोट ठेवता येणार नाही असं.

रणज्यानं गेम तालमीतल्या पोरांना खेळायला दिला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. "बाई, एकदा हरलं की कोणबी पुन्हा खेळत न्हाय."

"का?"

"ते वाक्य वाचून बँकेतनं नोटीस आल्यागत वाटतंय म्हणत्यात!"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मग तूच लिही!" त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, "पडलास व्हय? ऊठ की!"

संध्याकाळी तालमीतली पोरं मोबाईल सोडेनात. हरतायत, शिव्या घालतायत, पुन्हा खेळतायत!

बेंगळुरूहून विचारणा झाली, हे जरा उद्धट नाही का वाटत? अण्णा शांतपणे म्हणाले, "साहब, इधर ऐसेइच बोलते. प्यार है."

वाक्य रणज्याचं, टाइप मी केलं.

*

आता रत्नमाला अक्का. सगळ्यांत वेगळी बाई! माहेर गडहिंग्लजकडचं, कर्नाटकाच्या हद्दीवरचं, सासर हातकणंगल्याचं. लग्नानंतर वर्षानुवर्षं घरातच होती, आता पोरगं मोठं झाल्यावर नोकरीला लागली. रोज हातकणंगल्याहून पॅसेंजरनं येते. काम काय? गेम तपासणं. तांदळातले खडे निवडावेत तशी ती गेममधल्या चुका निवडते. दिवसभर कुस्त्या खेळायच्या, कुठं गेम अडकतो, कुठं बंद पडतो, ते शोधायचं.

एकदा तिचा पैलवान प्रेक्षकांच्या डोक्यावरून चालत आखाड्याबाहेर निघून गेला! आमचं कुणाचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "अक्का, तुला हे सुचलं तरी कसं?"

"काय न्हाय बाई. म्हटलं, हरायला लागला तर पळून जातोय का बघावं!"

त्या दिवशी चहा पिताना ती मला म्हणाली, "पगाराचं सोडा. हितं मी चूक शोधली की तुम्ही टाळ्या वाजवतासा. घरात शोधली की दोन दिवस कोण बोलत न्हाय!"

हसत हसतच म्हणाली. पण मला ते लागलं.

*

दुपारच्या डब्याला आमच्याकडं राज्य चालतं, देश चालतो. शाळेत पहिलीपासून भाषा कुठल्या आणि किती, हे ठरवायला सरकारनं समिती नेमली, त्यावरून एकदा जुंपली. रणज्या म्हणाला, मराठी आणि फक्त मराठी. अण्णा म्हणाले, इंग्रजीशिवाय धंदा नाही. मी मातृभाषेवर बोलायला लागले ते रस्सा गार झाला तरी थांबलेच नाही.

अक्का आपली शांतपणे जेवत होती. शेवटी म्हणाली, "आमची म्हस माझ्या माहेरची. मी तिला कानडीतनं हाक मारतो. सासूबाई मराठीतनं. पोरगं शाळेतनं आलं की 'कम, कम' करतंय."

"मग ती ऐकते कुणाचं?" मला खरोखरच उत्सुकता.

"ज्याच्या हातात पेंड असंल त्याचं!"

रणज्या म्हणाला, "अक्का, समितीवर तुमची म्हस घ्यायला पायजे!"

*

आणि याच अक्कावर एक दिवस संकट आलं.

ती पॅसेंजरमध्ये बसल्या बसल्या गेम तपासत होती. एक चूक कित्येक दिवस तिला हुलकावणी देत होती. नेमका तेव्हाच गेम बंद पडला आणि अक्का आनंदानं ओरडली, "पडला! पडला एकदाचा!"

समोर तिच्याच गल्लीतली एक बाई बसलेली. झालं! पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सरकारनं बंद केले, ही बातमी तेव्हा घरोघरी चघळली जात होती. अक्का घरी पोचायच्या आत गल्लीभर झालं की, हिची नोकरी-बिकरी काही नाही, ही मोबाईलवर जुगार खेळते!

अक्काचे सासरे म्हणजे आबा. जन्मभर गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांचे पंच. मैदानात आबांनी हात वर केला की विषय संपला, आणि घरातही तसंच. त्यांनी थेट अण्णांना फोन लावला.

"आमची सून तुमच्याकडं काम करती का खेळती?"

अण्णांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "आबा, खेळती. तेच काम हाय."

मी कपाळाला हात लावला!

"खेळायचा कवा पगार असतोय व्हय? सोमवारी मी सोता येतोय. पटलं तर पटलं, न्हाय तर मंगळवारपासनं ती घरात!" फोन बंद.

रणज्या म्हणाला, "सरकारनं गेमपेक्षा मीटिंगा बंद करायच्या हुत्या." एरवी आम्ही हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. अक्कानं डबासुद्धा उघडला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "मला लई भ्या वाटाय लागलंय. पुन्हा घरात बसायचं म्हणजे... न्हाय जमायचं आता मला."

मी नुसता तिचा हात धरला.

*

सोमवारी दुपार कलल्यावर आबा आले. पांढराशुभ्र पटका, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चपला. अण्णांच्या चपलांची गोष्ट अक्कानं घरी सांगितलेली दिसत होती!

अण्णांनी चहा मागवला. आबा म्हणाले, "चहा ऱ्हाऊ द्या. आधी काम दावा."

अक्का पदर सावरत पुढं आली. तिनं ऑफिसच्या मोबाईलवर गेम उघडला. "आबा, ह्यात पैसे लावायची सोयच न्हाय. हे बघा."

आबांनी मोबाईल उलटा-सुलटा करून बघितला, जसा काही पैसा मागच्या बाजूनं पडणार होता. "मग जिंकणाऱ्याला काय मिळतं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय? मग लोक खेळत्यात कशाला?"

रणज्या हळूच म्हणाला, "आबा, एक कुस्ती खेळून बघा की."

"मी पंच हाय. खेळत नसतोय." असं म्हणाले खरे, पण नजर स्क्रीनवर. तिथं दोन पैलवान मातीत उभे राहिलेले. आबांनी चष्मा वर सरकवला. "त्यो डावा फार उघडा उभा हाय. मार खाणार!"

"तो तुमचाच हाय, आबा," रणज्या म्हणाला.

आबांनी पटकन मोबाईल जवळ ओढला आणि तंबाखू मळावी तसा अंगठा स्क्रीनवर दाबायला सुरुवात केली. काही उपयोग झाला नाही. आबांचा पैलवान उताणा! धूळ उडाली आणि स्क्रीनभर अक्षरं आली,

'पडलास व्हय? ऊठ की!'

गावचा सरपंचसुद्धा ज्यांना अहो-जाहो करतो, त्यांना आमच्या गेमनं सुनेसमोर अरे-तुरे केलं होतं! रणज्या टेबलाखाली वायर शोधायला लागला. तिथं कुठली वायर नव्हती.

आबांनी ते एक-एक शब्द करत मोठ्यानं वाचलं. "पडलास... व्हय... ऊठ... की."

अक्काच्या डोळ्यांत पाणी. "आबा, ते तुमाला न्हाय हो... ते सगळ्यांनाच तसं म्हणतंय..."

आबांनी पटका काढून टेबलावर ठेवला. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. आणि पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा पडले. पुन्हा 'ऊठ की!' पुन्हा बटण.

"आबा, ते डावीकडचं बटण दाबून धरलं की..."

"गप गं! मधी बोलू नगंस!"

चहा आला, गार झाला. दिवस बुडायला आला तसा अण्णांनी डबा उघडून जेवून घेतलं. अक्काची पॅसेंजर निघून गेली. आम्ही घरी जाऊ शकत होतो, पण कुणाचाच पाय निघेना. अक्का भिंतीला टेकून उभी होती. आबांच्या तोंडाकडं बघून काही कळत नव्हतं.

इतक्यात तिचा मोबाईल वाजला. घरून सासूबाई. अक्कानं स्पीकर लावून मोबाईल आबांच्या कानाशी धरला.

"अवो, कुठं हायसा? दिवस बुडाला की! काय ठरलं पोरीचं? घिऊन येतायसा न्हवं तिला?"

आबांनी मान वर केली नाही.

"ठेव फोन," ते म्हणाले. "कामात हाय मी!"