ह्यांच्या डायलिसिसचे चार तास

आठवड्यातून तीनदा मी आमच्या ह्यांना इंदिरानगरहून रिक्षानं डायलिसिसला नेते. एकदा आत सोडलं की चार तास मशीनचे. नातेवाइकांसाठी बाहेर लोखंडी बाक आहे. तिथंच बसून असते, असं मी वर्षभर ह्यांना सांगत आले.

धादांत खोटं. पाच मिनिटांत मी रस्त्यावर असायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सलग चार तास माझे असे कधी मिळालेच नव्हते.

भाजीबाजारात पेठ तालुक्यातल्या खेड्यांवरून आलेल्या बायका बसतात. त्या मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडायच्या, त्यावर ऊन पडलं की अख्खी रांग लखलखायची. मी खुळ्यासारखी बघत उभी. एकीनं तर विचारलंच, घेणार की नुसतं बघणार. मग उसाचा रस, मोठा ग्लास. ह्यांना दिवसाचं पाणी मोजून मिळतं, आणि मी रस पिऊन वर बडीशेप चघळायचे, वास येऊ नये म्हणून. लाज वाटायची. किती दिवस हातात आहेत ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मला मेथी सुंदर दिसत होती, याची तर फारच.

गेल्या महिन्यात ह्यांचं बीपी एकदम उतरलं. नर्स मला शोधत बाहेर आली, तर बाक रिकामा. मी परतले तोवर हे सावरले होते. मी काहीबाही कारण सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तू बाहेर ताटकळत बसलीयस म्हणून मला आत चैन पडायची नाही. फिरतेस हे सांगितलं असतंस, तर निवांत झोपलो असतो गं."

ह्यांना वाईट वाटू नये म्हणून लपवते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तसं नव्हतं. मला ते चार तास कुणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते.

आता घरी येताना सगळं सांगते, रस किती गार होता तेही. हे डोळे मिटून ऐकतात. मग मागचं विचारतात, पावसाळ्यात बाजारात काय असायचं, दिवाळीत काय. मला धड आठवत नाही. एकटीनं बघितलेलं, कुणाला न सांगितलेलं, विसरून गेले.

"असू दे," हे म्हणतात. "पुढच्या वेळी माझ्यासाठी नीट बघून ये."