दोर चावणारे आबा

माझ्या काळजाचा ठोका कासुर्डीच्या आबांनी जितक्या वेळा चुकवला, तितक्या वेळा जगात दुसऱ्या कुणीही चुकवलेला नाही. यात मी माझं लग्न आणि डिप्लोमाचा निकाल दोन्ही धरतोय. नव्वदच्या दशकात न्हावऱ्याच्या बाजूला एका गोदामाचं बांधकाम चाललं होतं. मी तिथं नवाकोरा सुपरवायझर आणि आबा बांबू-फळ्यांची परांची बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. साठीचं वय, धोतर, लालभडक मुंडासं, आणि सक्ती झाली म्हणून त्या मुंडाशावर सुतळीनं बांधलेलं पिवळं हेल्मेट. पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा हे गृहस्थ तीस फुटांवरच्या फळीवर दोन्ही पायांनी उड्या मारत होते. मी खालून ओरडलो. "आबा, उतरा खाली! मराल ना!" त्यांनी शांतपणे आणखी एक उडी मारली. "मग कुनी मरायचं? पोरं चढायच्या आदी म्याच मरून बगतो, सायेब."

रोज सकाळी हाच प्रकार. स्वतः उड्या मारून बघेपर्यंत परांचीवर चिटपाखरू चढू द्यायचे नाहीत. कुणी चप्पल घालून चढायला लागला, की ती चप्पल शेजारच्या उसात भिरकावलीच म्हणून समजा. "चप्पल नीचे, तुम ऊपर! समज्या का?" हे बिहारी गवंड्यांसाठी खास हिंदी. आणि दोराचं तर विचारूच नका. नवा असो की जुना, आबा तो दाढेखाली धरून करकचून चावायचे. कुजका दोर म्हणे जिभेला आंबूस लागतो. एकदा मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांदेखत त्यांनी कप्पीचा दोर चावला, थू करून थुंकले आणि भर दुपारी काम बंद पाडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोराचा पीळ उलगडून बघितला, तर आतून काळाठिक्कर पडलेला.

पण सगळ्यात मोठा धक्का संध्याकाळी बसायचा. आबांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. दिवस कलला की मेंढरं जाळीच्या वाघुरीत घेताना एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायची सवय. तीच त्यांनी साइटवर आणली होती. गेट अर्धं उघडून फटीत उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारायचे. मी पहिल्याच दिवशी भडकलो. "आबा, मी काय मेंढरू आहे?"

"न्हाई वो. मेंढरू गुमान थांबतं."

सगळी साइट हसली. त्या दिवसापासून मी मागच्या गेटनं सटकायला लागलो.

पुढं जमिनीखालची पाण्याची टाकी बांधून झाली. गळती बघायला संध्याकाळी पाणी सोडा, असं मीच सकाळी सांगून ठेवलं होतं. सुट्टीच्या वेळी आठवलं, एक कोपरा बघायचा राहिलाय. कुणाला न सांगता, हेल्मेट टेबलावर ठेवून मी एकटाच शिडीनं उतरलो. शिडी सटकली. पाय मोडलाय हे उठायला गेल्यावर कळलं, आणि तेवढ्यात पाइपातून धो धो पाणी यायला लागलं. माझ्याच हुकमानं! भिंत धरून एका पायावर उभा राहून मी घसा फाटेस्तोवर बोंबललो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

वर काय झालं ते नंतर क्लार्कनं सांगितलं. तो म्हणत होता, "आबा, हजेरीचं मस्टर जुळलं, चला." मस्टरात माझं नाव कुठलं असायला? मी पडलो साहेब!

"एक कमी हाय," आबा म्हणाले. "सुपरवायझर."

"त्ये रोजच मागनं जात्यात की," टोळीतला एक जण म्हणाला.

"जात्यात. आन् म्या रोज त्यास्नी जाताना बगतो. आज न्हाई गेले."

त्यांनी गेटला कडी घातली आणि यष्टी चुकेल म्हणून कटकट करणाऱ्या सगळ्यांना साइटभर शोधायला पिटाळलं. स्वतः टाकीकडं आले. वर ते मुंडासं दिसलं तेव्हा पाणी माझ्या छातीला लागलं होतं. पंप लांब विहिरीवर. तिकडं माणूस पळाला. "आबा, दोर टाका!" मी ओरडलो. आणि या माणसानं काय करावं? दोर उचलला, तोंडात घातला आणि चावला. अहो, मी बुडतोय आणि हा दोर चावतोय! बरं, पहिला पसंत पडला नाही. तो फेकून दिला, दुसरा चावला, मग खाली सोडला.

वर आल्यावर मी थरथरत पडून होतो. आबांनी माझ्या ओल्या पाठीवर थाप मारली, "मोजनी भरली" एवढंच म्हणाले, आणि तिथंच चिखलात फतकल मारून हमसाहमशी रडायला लागले. तसा हादरलो मी टाकीतही नव्हतो.

पाय जुळला, गोदाम उभं राहिलं, टोळी पांगली. काही वर्षांनी कासुर्डीला गेलो, तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. डोळे गेलेले. मी काही न बोलता त्यांच्यापुढं पाठ करून बसलो. त्यांनी चाचपत हात ठेवला.

"सुपरवायझर," ते म्हणाले. "आज पुढच्या दारानं आलात व्हय?"

आबा जाऊनही आता बराच काळ लोटलाय. अजूनही साइटवरून निघताना मी गेटपाशी क्षणभर गुमान थांबतो. थाप काही पडत नाही.