परकी आत, बाकी आपलीच

आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आधी मांजराला जाऊ देतात आणि मग स्वतः निघतात. शकुन-अपशकुन म्हणून काय तो एवढाच. बाबा कोर्टात पेशकार होते. पुराव्याशिवाय ते दुधात पाणी आहे असंसुद्धा म्हणायचे नाहीत. मी स्वतः वीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतेय. त्यामुळं या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आले — कुणी रागावू नका. आज मीच लिहायला बसलेय तर जरा अवघडल्यासारखं होतंय. पण मेघना म्हणाली, "ताई, लिहून तर टाका. कुणाला तरी ठाऊक असेल." म्हणून...

तर आम्ही काही जण मिळून एक सॉफ्टवेअर सांभाळतो. मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं. ज्यांना दिसत नाही त्यांच्या मोबाइलवर ते चालतं. ते फुकट आहे, पण नुसतं फुकट नाही, मोकळं आहे. म्हणजे त्याच्या आतलं सगळं लिखाण कुणीही उघडून बघावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. बाकीचे ती दुरुस्ती तपासतात, त्यावर भांडतात आणि पटली तर घेतात. ज्यानं केली त्याचं नाव यादीत लागतं. पगार नाही, साहेब नाही, आभाराचा नारळही नाही. तरी माणसं येतात.

आमच्यात नेमानं काम करणारे तिघंच. मी, पुंडलिकनगरात राहते. दुसरे सलीमभाई, शहागंजात त्यांचं मोबाइल रिपेअरिंगचं छोटंसं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत, पण प्रोग्रामिंग स्वतःच्या स्वतः शिकलेले. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही या फंदात कसे पडलात? तर म्हणाले, "म्याडम, जो चीज खोलके देख नै सकते, वो अपनी कैसी हुई?" तिसरी मेघना, वर्ध्याची, औषधांच्या दुकानात काम करते. पाच वर्षांत तिला मी प्रत्यक्ष एकदाही भेटलेली नव्हते, पण तिच्या मुलीच्या दातदुखीपर्यंत सगळं मला माहीत.

आणि चौथे ज्ञानोबा सर. ते प्रोग्राम लिहीत नाहीत, ते आमच्या चुका पकडतात. लासूर स्टेशनला राहतात, हायस्कूलवर इतिहास शिकवतात. लहानपणी तापात दृष्टी गेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी शेती. आमचं सॉफ्टवेअर त्यांच्याइतकं कुणी वापरत नसेल. त्यांचा फोन आला की मी वही-पेन घेऊनच बसते. "म्याडम, तुमची बाई आज पुन्हा घसरली बरं का!" — सॉफ्टवेअरच्या आवाजाला ते 'बाई' म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात सरांचं पुस्तक छपाईला गेलं. त्यांच्या आईनं सांगितलेल्या, मेंढरांमागं फिरतानाच्या गोष्टी. आई बोलली तशा, तिच्याच भाषेत. सरांनी सांगायचं आणि त्यांच्या बायकोनं टाइप करायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. छापखान्याकडून प्रुफाची फाइल आली. सोमवारी सकाळी ती तपासून परत द्यायची होती.

इथं अडचण आली. पूर्वी एका दिवाळी अंकानं सरांचा लेख छापताना सगळी भाषा 'शुद्ध' करून टाकली होती. आईच्या तोंडचं 'इथं' तिथं 'इथे' झालं, 'नाय'चं 'नाही' झालं. सरांना ते छापून आल्यावर कळलं. ते आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत म्हणे. या वेळी त्यांना स्वतःच्या कानांनी प्रूफ ऐकायचं होतं, शब्द न् शब्द.

आणि नेमकी आमची 'बाई' त्यात खोडा घालत होती. ती मुळात 'इथं' हा शब्द 'इथम्' असा वाचायची. 'केलं' म्हणजे 'केलम्', 'पाणी आणलं' म्हणजे 'पाणी आणलम्'. कोणे एके काळी कुणीतरी त्यावर सोपा तोडगा काढला होता — शेवटी अनुस्वार दिसला की सरळ 'ए' वाचायचा. म्हणजे प्रुफात 'इथं' असो की 'इथे', सरांना ऐकू येणार 'इथे'च. आईची भाषा शाबूत आहे की कुणी धुऊन टाकलीय, कळायला मार्गच नाही! तो तोडगा काढून सरांना ऐकायला दिलं तर...

"म्याडम," सर फोनवर म्हणाले, "माय माझी संस्कृत बोलायलीय. 'मेंढरू तिथम् गेलम्' म्हणती. जन्मात कधी देवळात श्लोक म्हनला नाय तिनं."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरही हसत होते. पण शेवटी हळूच म्हणाले, "तेवढं बघा ना. घरच्यांनी वाचून दाखवलं तर जीभ आपोआप सवयीचं बोलती. मशीनच खरं सांगंल."

तीन आठवडे आम्ही तिघं त्याच्या मागं होतो. अनुस्वार सरसकट उडवला तर 'अहं'चा 'अह' व्हायचा, 'स्वयं'चा 'स्वय'. मग ठरवलं, ज्या मराठी शब्दांत शेवटच्या अनुस्वाराचा 'म' होत नाही त्या सगळ्यांची यादी करायची. केलं, गेलं, आलं, खाल्लं, घरं, पोरं, वासरं... यादी हजारांवर गेली तरी संपेना. सलीमभाई म्हणाले, "ये तो समंदर को लोटे से नापना हो रा."

आणि तो रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी प्रूफ द्यायचं.

दुपारी जेवून मी गच्चीवर उन्हात लॅपटॉप घेऊन बसले. खाली कॉलनीतली मुलं क्रिकेट खेळत होती, शेजारच्या काकू वाळवण राखत बसल्या होत्या. अगदी साधी दुपार हो. अडीच-पावणेतीन झाले असतील. मी ती यादी पुढं वाढवायला घेतली आणि... कसं सांगू, मला एकदम स्वच्छ दिसलं. कुणी कानात बोललं वगैरे काही नाही. आपण चष्मा शोधतो आणि तो डोक्यावरच असतो, तसं झालं. आपल्या शब्दांची यादी करायचीच कशाला? ते अगणित आहेत. परके, संस्कृत वळणाचे मोजके, त्यांची करू! शब्द मागून बघायचा. शेवटी अनुस्वार असला तर यादीत शोधायचा. यादीत असला तर 'म', नसला तर शेवटचा 'अ' जरा लांबवायचा. संपलं.

मी एका दमात लिहून काढलं. अकरा ओळी. प्रोग्राममध्ये यादीला काहीतरी नाव द्यावं लागतं. मी नेहमी कंटाळवाणी नावं देते, 'लिस्ट वन' वगैरे. त्या दिवशी बोटांनी 'वाघर' असं टाइप केलं. का? ठाऊक नाही. वाघाचं घर असेल असं मनात आलं आणि मी पुढं गेले. वर एक टीपही लिहिली: 'परकी आत, बाकी आपलीच.' करून बघितलं. 'बाई' चक्क 'इथं' म्हणाली — आपण म्हणतो तस्सं. 'अहं'सुद्धा बरोबर. मी गच्चीवर टाळ्या वाजवल्या, काकूंनी वळून बघितलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती पाठवली आणि बघते तर माझ्या आधी दोन मिनिटं मेघनाची येऊन पडलेली. मी उघडली. अकरा ओळी. यादीचं नाव वाघर. टीप तीच...

मला आधी वाटलं माझीच दोनदा गेली. नाव बघितलं, मेघनाचं. फोन करायला घेतला तोवर सलीमभाईंचाच आला.

"म्याडम, तुम मेरा कॉपी किए क्या?" ते हसत होते, पण आवाज जरा वेगळाच होता. "मैं तो अबी भेजाईच नै!"

आमच्या दोन्ही दुरुस्त्या त्यांनी मोबाइलवर बघितल्या होत्या; दुकानातली लाइट दुपारपासून गेली होती. त्यांनी तर कॉम्प्युटर उघडलाच नव्हता. चार्जरच्या रिकाम्या खोक्यावर बॉलपेननं लिहिलं होतं. त्यांनी त्या खोक्याचा फोटो पाठवला. ते वळणदार अक्षर मी ओळखते. अकरा ओळी, वाघर, टीप. आणि एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा ताडून बघितली: घाईत मी यादीत 'स्वयं' हा शब्द दोनदा घातला होता, पहिल्या आणि सातव्या जागी. मेघनाच्या यादीतही तो दोनदा, त्याच जागी होता. खोक्यावरही दोनदा.

तुमच्या मनात येतंय ते मलाही आलं: तिघांनी एकाच एआयला विचारलं असेल. नाही. मी विचारलं नव्हतं, मेघना तेव्हा दुकानात गिऱ्हाईक करता करता फोनवर लिहीत होती आणि सलीमभाईंकडं तर लाइटच नव्हती. सकाळपासून आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो. 'वाघर' म्हणजे काय ते तिघांपैकी कुणालाच सांगता येईना.

मेघनानं आणखी एक काढलं. "ताई, 'परकी' का लिहिलं आपण? शब्द परके असतात. परकी... काय?"

मी म्हटलं, आधी सरांना कळवू, त्यांचा खोळंबा नको. फोन लावला, काम झाल्याचं सांगितलं. ते इतके खूश झाले की बराच वेळ नुसतं "लई भारी, लई भारी" एवढंच. मग मी सहज म्हटलं, "सर, एक गंमत. आम्ही तिघांनी त्या यादीला वाघर नाव दिलंय, वर टीपही एकच लिहिलीय. हे काय असतं हो?"

सरांनी उलट मलाच विचारलं,

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"वाघर म्हंजे जाळी, म्याडम. रानात मुक्काम पडला की मेंढरं कोंडायला लावत्यात ती." मग त्यांनी विचारलं, "आन् टीप काय लिवली म्हनलात?"

"परकी आत, बाकी आपलीच."

सरांनी आईला हाक मारली, "माये, इकडं ये. म्याडमला सांग तू मगाशी मला काय म्हनलीस ते."

त्या दुपारी घरी दोघंच होते; वहिनी शेजारी हळदीकुंकवाला गेलेल्या. जेवणं झाल्यावर सर आईजवळ बसून कुरकुरत होते, की हजारो शब्द आहेत, यादीच संपत नाही, उद्याच्याला कसं व्हायचं. सरांच्या आई फोनवर आल्या. खणखणीत आवाज.

"म्यां म्हनलं याला, आरं येड्या, आपली कशाला मोजतो? दुसऱ्याच्या कळपातली शिरली आसतील ती परकी तेवढी धर. मागून बघत जा, मागून वळखू येतं. परकी वाघरीत घाल, बाकी आपलीच की! हाय काय त्यात?"

परकी... मेंढरं.

मी विचारलं, "हे कधी म्हणालात, मावशी?"

"कधी म्हंजे? जेवून उठलो न् दुपारची गाडी गेली, तवा."

सरांनी बोलतं घड्याळ ऐकून हिशेब केला, अडीचच्या पुढं असेल. त्यानंतर माझा फोन येईपर्यंत ते कुणाशीही बोलले नव्हते. आईच्या बोलण्यात काही उपाय आहे हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, निदान 'वाघर' पुस्तकात आला असेल, आमच्यातल्या कुणी वाचला असेल. फाइलमध्ये शोधला. एकदाही नाही! सर म्हणाले, "रोजचं होतं ना, म्हून लिवायचं राहूनच गेलं बगा."

त्या संध्याकाळी आम्ही दुरुस्ती घेतली — तिघांची मिळून एक. सरांनी सगळं प्रूफ ऐकलं. छापखान्यात कुणीतरी पुष्कळ ठिकाणी हात फिरवला होताच. 'बाई'नं एकूण एक 'इथे' पकडून दिला, सरांनी तो पुन्हा 'इथं' करून घेतला, वर वाघरीवर एक परिच्छेद वाढवला आणि सोमवारी सकाळी प्रूफ वेळेत गेलं.

नावांच्या यादीत सरांच्या आईचं नाव घालायचं ठरलं, तेव्हा सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या एका परदेशातल्या सभासदानं रीतसर विचारलं, या बाईंनी नेमकं काय योगदान दिलं? सगळा प्रकार कसा सांगणार त्याला! सलीमभाईंनी लिहिलं, 'युक्ती सांगितली.' त्याला पटलं. तो दुसरा 'स्वयं' मात्र अजून कुणी काढलेला नाही. सगळे बघतात आणि पुढं जातात.

पुस्तक आल्यावर आम्ही लासूरला गेलो. मेघनाही वर्ध्याहून आली, पहिल्यांदा भेटलो, तर दोघींना आधी हसूच आवरेना. सरांनी मोबाइलवर पुस्तकाचं पहिलं प्रकरण लावलं. मावशी अंगणात बसून ऐकत होत्या, मध्येच "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मग सलीमभाईंनी त्यांना समजावलं की हे यंत्र कुणीही घेऊ शकतं, कुणीही सुधारू शकतं आणि त्यात आता तुमचं नाव आहे.

"आन् कुनाला इचारायची गरज नाय?"

"नै, अम्मा."

"मंग माझी युक्ती घेताना तुमी कुनाला इचारलं व्हतं का?"

"नै ना अम्मा! वोईच तो..."

"मंग झालं तर," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा ऐकायला लागल्या. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला होता.

माझा मिटलेला नाही. योगायोग म्हणावा तर तो 'स्वयं' तिघांच्याही यादीत त्याच दोन जागी कसा? बाबा असते तर पुरावा मागितला असता. पुरावा आहे, तो खोका सलीमभाईंनी दुकानात जपून ठेवलाय. नाही ते फक्त कारण. सगळ्या वेळा, फोनचे तपशील, तिन्ही दुरुस्त्या मी एका ठिकाणी मांडून ठेवल्या आहेत आणि त्या कुणालाही उघडून बघता येतात. तुमच्यापैकी कुणाला काही उलगडलं तर पाठवा. आम्ही तपासू, भरपूर भांडू, आणि पटलं तर तुमच्या नावानं घेऊ.