‘जातो’ न म्हणता

पुस्तकात लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, आणि लिहिण्याचं वळणही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा हे धाडस वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. माझं आयुष्य एका फ्रेंच क्रियापदापाशी अडून बसलं होतं, एवढंच सांगायचं आहे.

यवतमाळच्या कॉलेजात आमच्या सरांनी हौसेने फ्रेंचचा वर्ग काढला होता. तोंडी परीक्षेत जो पास होईल, त्याला नागपूरच्या वर्गात जागा आणि वसतिगृहात राहायची सोय मिळणार होती. ती मिळाली नाही तर काय, हेही घरी ठरलं होतं. वणीकडच्या कोळशाच्या खाणीवर हजेरी मांडणारा कारकून हवा होता आणि बाबांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता. त्याच खाणीत माझा मामा कामाला गेला आणि परत आला नाही. घाईत होता म्हणे, उंबऱ्यातून ‘जातो’ म्हणून निघाला. आईने ते ऐकलं होतं.

परीक्षेआधी सुट्टीत मी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आलो. सरांनी दिलेला पाठ होता जवळच्या भविष्यकाळाचा. आत्ता होणारी गोष्ट सांगायला फ्रेंच माणूस आधी ‘जाणे’ लावतो. ‘मी खाणार आहे’ म्हणायचं तर ‘मी जातो खाणे’ अशी त्याची मांडणी. मला पाढ्यांची सवय, मोठ्याने म्हटल्याशिवाय डोक्यात काही राहत नसे. म्हणून अंगणात बसून फ्रेंच आणि लगेच तिचा मराठी अर्थ, असं घोकत होतो. झ व्हे, मी जातो. त्यु व्हा, तू जातोस. इल व्हा, तो जातो.

आई तुरी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

“काहून रे, सकाळपासून जातो-जातो लावलं? कोठी चालला?”

“कोठीच नाही, माय. अभ्यास करून राह्यलो.”

“असा कसा अभ्यास? घरातले सारेच चालले त्याच्यात. मी जातो, तू जातो, तो जातो. राह्यते कोण मंग?”

बाबा दोरी वळत होते. ते हसले. “अवो, आपण दीक्षा घेतली. हे शकुन-अपशकुन सोडून नाही का दिले?”

“देव सोडले मी,” आई म्हणाली. “तुमच्या आधी उचलून नदीत नेले. पण दारातून माणूस ‘येतो’ म्हणूनच निघंन, हे कोणी सोडाले सांगतलं?”

बाबांनी दोरीला पुन्हा पीळ दिला. त्यानंतर मी नाल्याकडे जाऊन पाठ करू लागलो. पण तिथेही ‘मी जातो’वर आलो की जीभ अडखळायची आणि मामाचा चेहरा समोर यायचा. चेहरा नीट आठवतही नव्हता, नुसतं डोक्यावरचं मुंडासं आठवायचं.

परीक्षेच्या सकाळी आई दाराशी उभी राहिली. मी ‘येतो’ म्हटलं. “अजून एक खेप म्हण,” ती म्हणाली. मी म्हटलं. मग यवतमाळला जाणाऱ्या छोट्या आगगाडीत जाऊन बसलो.

परीक्षक नागपूरहून आले होते, वयस्कर, मांडीवर छत्री आडवी धरून बसलेले. बाजूला आमचे सर. परीक्षकांनी क्रियापद दिलं ‘पार्तीर’, म्हणजे निघून जाणे. जवळच्या भविष्यकाळात चालवा, म्हणाले.

झ व्हे, इथवर नीट झालं. पुढचा शब्द तोंडाशी आला आणि मला आमचं दार दिसलं. मी म्हणालो, “झ व्हे व्हनीर.” मी येणार आहे. मग तू येणार आहेस, तो येणार आहे, आम्ही, तुम्ही, ते, सगळे येणार आहेत. एकही रूप चुकलं नाही. फक्त विचारलेलं क्रियापद ते नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा काढला. “मी ‘निघून जाणे’ विचारलं होतं. तुम्ही ‘येणे’ का चालवलंत? फ्रेंचमध्ये सांगा.”

“मा मेर,” मी म्हणालो. माझी आई. त्यापुढची फ्रेंच मला येत नव्हती. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी आल्यावर मी परीक्षा बरी गेली म्हणालो. बाबांनी माझा चेहरा बघितला आणि खाणीवर निरोप पाठवला की मुलगा मोकळा आहे. आई रोज संध्याकाळी मामाची जुनी घोंगडी दोरीवर टाकायची आणि अंधार पडायच्या आत काढून घ्यायची. मी ते बघायचो आणि पाणी भरायला उठायचो. खाणीवरून बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही मायलेक दारव्ह्याला गेलो, खाणीवर न्यायला डबा घ्यायचा होता. आई डब्याचं झाकण लावून-काढून बघत होती. तेवढ्यात कॉलेजातला मित्र, तिथल्याच शिंप्याचा मुलगा, सायकल हातात धरून गर्दीतून येताना दिसला. फ्रेंच शिकतो म्हणून तो मला ‘मस्यो’, म्हणजे फ्रेंचमधला ‘साहेब’, म्हणून चिडवायचा.

“काय बे मस्यो, कोठी होता? तुले धुंडून राह्यलो मी.”

“काहून?”

“सर म्हणत होते, त्या म्हाताऱ्यानं तू गेल्यावर इचारलं, याच्या मायचं काय? सरांनी सांगतलं, आपल्या इकडं घरून निघताना माय ‘जातो’ म्हणू देत नाही ते. म्हातारा हसला म्हणे.”

“हसला?”

“हसला, अन् म्हणे पोराले रूपं तर सारी येतात.” त्याने सायकल डब्यांच्या दुकानाला टेकवली. आई झाकण हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. “कॉलेजच्या बोर्डावर नाव लागलं तुझं. साऱ्यात खाली हाय, पण हाय. नागपूरले बोलावलं.”