गालांची सूज

मी एकविशीत असताना मला साधा ताप आला. तो उतरला आणि आठवड्याभरात पाय गेले. आमचा मळा नाशिकच्या वेशीवर, मेथी-कोथिंबिरीचा. पहाटे जुड्या बांधायला बसले ती उठलेच नाही. कमरेखाली कुणी चिमटा काढला तरी कळेना.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात मणक्यातलं पाणी काढून मुंबईला तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी वडिलांना समजावलं, की विषाणू हरला आहे, पण त्याच्याशी लढताना पेशी ज्या रेणूंमार्फत एकमेकींना निरोप धाडतात ते रेणू अजून अंगात भरमसाट आहेत. निरोप थांबत नाहीत, म्हणून शरीर स्वतःच्याच मज्जारज्जूवर तुटून पडलंय. गोळ्या आहेत त्या हे निरोप बंद करायला. वडील घरी येऊन म्हणाले, आग विझली तरी बोंब मारणारे थांबेनात. आईला यातलं एवढंच कळलं, की पोरीच्या अंगात ताकद राहिली नाही. अंडी, खारका, बांधावरच्या गुळवेलीचा काढा, सगळं सुरू झालं. माझ्या अंगातली जी फौज आवरायला डॉक्टर धडपडत होते, तिलाच खाऊपिऊ घालायला आमची भावकी निघाली होती.

गोळ्यांनी मात्र गुण आला. आधी अंगठा हलला, मग भिंत धरून मी मोरीपर्यंत जाऊ लागले. त्याचबरोबर तोंड सुजलं. चुलतभाऊ मला भोपळा म्हणायचे. मी त्यांना चपला फेकून मारायचे आणि उभ्याने फेकता येतात म्हणून मनातून खूश व्हायचे.

त्यातच देवळ्याच्या एका घरातून मागणी आली. मुलाने मला आदल्या वर्षी एका लग्नात पाहिलं होतं. आजारपण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे यायच्या आत गाल उतरायला हवेत, या काळजीने आईची झोप उडाली. औषधाच्या दुकानात तिला कळलं, की ही सूज गोळ्यांची. तेव्हापासून ती माझ्या हातावर नुसती कॅल्शियमची गोळी ठेवू लागली. आईने दिलेलं कोण तपासून घेतं?

गाल उतरले. पाहुणे आले, पोहे खाऊन पसंती सांगून गेले. पुढच्याच आठवड्यात मी मोरीत कोसळले.

गोळ्या चालू होत्या ना, असं डॉक्टरांनी विचारलं. वडील हो म्हणाले.

"नाय," आई म्हणाली. "मीच बंद केल्या. तिचं तोंड लय सुजलं व्हतं."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या, पण या खेपेला पाय परत आले नाहीत. देवळ्याचे लोकही आले नाहीत. त्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

आता वडील नाहीत. मळ्याच्या निम्म्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. आई मला उचलते, न्हाऊ घालते, वेणी घालते. मला तिचा राग येतो, अजूनही येतो, आणि तिच्यावाचून माझं पानही हलत नाही. तिची कंबर वाकली आहे. काखेत हात घालून मला उचलताना तिला धाप लागते.

परवा पाठ घासता घासता ती म्हणाली, "देवानं आधी तुला न्यावं, मग मला."

मला वाईट वाटलं नाही. मीही रोज तेच मागते.