दाजींचा खडू आणि जीपचं छत

अक्काचा फोन आला तेव्हा मी नांदेडला ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. "हे गेले रे..." एवढंच बोलली. चहा पिता पिता गेले. लातूरला पोचलो तर दारात जीप उभी होती, अन् तिच्या डॅशबोर्डवर खडूचा तुकडा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हयातभर शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर माणूस देवदेव करतो. यांनी जुनी जीप घेतली, बोल्ट काढले की अख्खं टणक छत उतरवता येतं तसली. मी म्हटलं, "दाजी, हे काय वय हाय का?" तर म्हणे, "मेव्हणे, तुम्ही तर जन्मतःच पेन्शनीत निघालात!"

पहिल्याच पावसाळ्यात अर्धापूरला माहेरी येताना छत गळलं, ते नेमकं अक्काच्या डोक्यावर. नवी इरकल भिजली. "या डबड्यात पुन्हा पाय ठेवणार न्हाई," म्हणाली, अन् खरंच वर्षभर एसटीनं आली. दाजींना ते लई लागलं. जीप घेतली होती तीच मुळी बायकोला शेजारी बसवून हिंडायला.

मग सुरू झालं संशोधन. छताखालच्या रबरी पट्टीला खडू फासायचा, वरून पाणी ओतायचं, खडू जिथं धुऊन जाईल तिथं फट. पण लातुरात गाडीवर पाणी ओतायचं म्हणजे काय थट्टा हाय? त्यांच्या गल्लीत नळ यायचा आठवड्यानं. म्हणून चारी बाजूंनी घमेली मांडायची, तेच पाणी पुन्हा पुन्हा ओतायचं, अन् उरलंसुरलं जास्वंदीला. मी वर तांब्या घेऊन, दाजी आत अक्काच्या सीटवर बॅटरी घेऊन. "हळू! पूर आणता का?" म्हणून ओरडायचे. छत वाकलेलं होतं मेलं... डावीकडं आवळलं की उजवीकडं उचलायचं, उजवीकडं आवळलं की डावीकडं.

एक दिवस फोन आला, "जमलं! टिपूस न्हाई!" स्वतः पाणी ओतून त्यांनी अक्काला आत बसवून दाखवलं. पुढं दोन पावसाळे ती त्यांच्या शेजारी ऐटीत हिंडली. कसं जमवलं विचारलं तर म्हणाले, "भूगोल हाय, मेव्हणे. पाणी उताराकडं जातं." तेव्हापासून गाडी चालवताना उजव्या खांद्यावर टॉवेल टाकायची सवय लागली त्यांना. घाम येतो म्हणायचे. "पावसाळ्यात कसला मेला घाम?" म्हणून अक्का चिडवायची.

दाजींचे दिवस झाल्यावर परवा तिला माहेरी न्यायला गेलो. "जीपनंच जाऊ," म्हणाली. चाकूर सोडलं अन् पावसानं गाठलं. तिच्या बाजूला सगळं कोरडं ठणठणीत. माझ्या उजव्या खांद्यावर मात्र टप... टप... बघता बघता बाही चिंब. वर बघितलं. तिच्या बाजूचे बोल्ट करकचून आवळलेले, माझ्या डोक्यावर नख जाईल एवढी फट. असा राग आला या माणसाचा, अन् असं रडू आलं, की गाडी बाजूला घ्यावी लागली.

अक्का माझ्या बाहीकडं बघत राहिली. मग छताकडं. "घाम म्हणायचे रे..." एवढंच बोलली.

"पुढं गॅरेज हाय. दोन्हीकडं सारखं आवळून घेऊ?"

"न्हाई," म्हणाली, अन् सीटमागचा त्यांचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला.