नाईनाईच्या आजीचे पाय

शेजारच्या चिनी म्हातारीचा मी पाच आठवडे मत्सर केला. म्हातारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, इंग्रजीचे दहा-बारा शब्द काय ते जवळ. नातवंडं सांभाळायला मुलाकडे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला येऊन राहिलेली. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. फक्त माझी मुलगी नेली.

मुलगी दहावीत. तिनं शाळेत मँडरिन घेतलं तेव्हाच ते मला लागलं होतं. मी मराठीत बोलायचं आणि तिनं "ओके" म्हणायचं, फार तर "आय नो, आई" म्हणायचं, हे आमचं ठरलेलं. 'ळ' म्हणताना जिची जीभ अडखळते ती पोरगी आरशासमोर उभी राहून चिनी भाषेचे चार-चार सूर घोटायची. त्यात इतिहासाचा प्रोजेक्ट आला. एखादी जुनी प्रथा घ्या, ती कुठून आली आणि कशी पसरली ते शोधा, आणि ज्याच्या घरात ती होती अशा एका माणसाशी बोला. पोरीनं निवडली चिनी बायकांचे पाय बांधायची प्रथा. आणि माणूस कोण, तर कुंपणापलीकडची नाईनाई. नाईनाई म्हणजे त्यांच्यात बापाची आई. माझ्या आईच्या वाट्याला फोनवर "हाय आजी, बाय आजी" यापलीकडे काही येत नाही.

शाळेतून आली की दप्तर टाकून ती पलीकडे जायची ती सहाला उगवायची. येताना तोंडाला कांद्याच्या पातीचा वास. म्हातारी पातीच्या पोळ्या करून घालायची आणि माझ्या थालीपिठाला "टू हेवी" म्हणून नाक मुरडणारी माझी लेक त्या तीन-तीन खायची. मी एकदा सूड म्हणून डबाभर शंकरपाळे पाठवले. डबा परत आला तो पोळ्यांनी भरून.

जेवताना मात्र ती सगळं सांगायची, आणि ऐकायचं नाही असं ठरवूनही मी ऐकायची. सुरुवात म्हणे एका राजवाड्यात झाली. हजारएक वर्षांपूर्वी कुठल्याशा राजाच्या पदरी एक नर्तकी होती, तिनं पायांना रेशमी पट्ट्या गुंडाळून नाच केला आणि राजा भाळला. ही दंतकथा, खरं काय ते कुणालाच माहीत नाही, हेही ती बजावून सांगायची. मग दरबारातल्या बायकांनी पाय बांधले, मग श्रीमंतांनी, मग ज्यांना श्रीमंतांसारखं दिसायचं होतं त्यांनी. होता होता घरात बसून सूत कातणाऱ्या गरिबाच्या पोरीचेही पाय बांधले जाऊ लागले, कारण मोठ्या पायांच्या मुलीला चांगलं स्थळ येईना. पाच-सहा वर्षांच्या मुलीचा अंगठा तेवढा सोडायचा, बाकीची बोटं तळव्याखाली दुमडायची आणि पट्टीनं आवळायची. आवळणारी बहुतेक वेळा आईच.

"बट व्हाय द मॉम?" तिनं घास हातात धरून विचारलं.

"शेजारणीच्या मुलीचे पाय लहान दिसले असतील," मी म्हटलं.

तिनं चमकून वर पाहिलं. "नाईनाई सेड द सेम थिंग!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात एक वाक्य तिला आवडण्यासारखं सुचलं, तर तेही म्हातारीनं आधीच बोलून ठेवलेलं.

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. आमच्या घरात का गोष्टी नव्हत्या? पण मला तिनं कधी काही विचारलंच नाही. हे वाक्य मी त्या पाच आठवड्यांत भांडी लावताना, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये म्यूटवर असताना स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की ते मला पाठ झालं.

शेवटच्या आठवड्यात एका शनिवारी दुपारी मी तिला बोलवायला पलीकडे गेले. दारात चपला काढल्या आणि आत पाहते तर माझी मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद आणि कागदावर म्हातारीचा उघडा पाय. एका हातानं घोटा धरून ती पेन्सिलीनं पावलाची कड काढत होती. देशात गेल्यावर मोठ्यांच्या पाया पड म्हटलं की "आय डोन्ट डू फीट" म्हणते ती हीच. मला सवत पाहिल्यासारखं झालं.

"ये, बैस" अशा खुणा करून म्हातारीनं मला खुर्ची दिली आणि आपल्या आजीचं सांगत राहिली. मुलगी अडखळत इंग्रजी करत होती. आजीचे पाय लहानपणीच बांधलेले. पुढे बंदी आली, सरकारी माणसं गावात येऊन पट्ट्या सोडायला लावू लागली. आजीनंही सोडल्या. पण हाडं तशीच धरलेली, पट्टीशिवाय उभं राहवेना, सोडण्याचं दुखणं बांधण्याइतकंच. शेवटी तिनं मोज्याच्या आत पुन्हा गुंडाळल्या. तरुणपणी पाय पुरेसे लहान नाहीत म्हणून लाज, म्हातारपणी ते लहान आहेत म्हणून लाज. नाईनाईनं दहा वर्षांची असताना विचारलं, तेव्हा आजी सगळं बोलली. त्याआधी घरात कुणी विचारलं नव्हतं.

मुलीनं त्या मोठ्या पावलाच्या आत बोटाएवढ्या लांबीचं छोटं पाऊल काढलं आणि दोघी ते बघत बसल्या. मला कुणी बघत नव्हतं.

"आमच्याकडेही होतं," मी म्हटलं. "माझ्या पणजीच्या पायात."

पेन्सिल थांबली. मग थांबणं मलाही जमेना. पणजीच्या पायात कथिलाचे जाड तोडे असत. हौसेचे नव्हेत. चांदी घालायची आमच्या लोकांना मुभा नव्हती, आणि बाई कुठल्या वस्तीतली ते लांबूनच कळायला हवं, म्हणून ते. एकदा ती सभेला गेली. तिथे बायांना सांगितलं गेलं की ही ओळख अंगावर वागवू नका. घरी येऊन तिनं तोडे काढायला घेतले तर ते निघेनात, तेव्हा पणजोबांनी तिचा पाय दगडावर ठेवून ते छिनीनं तोडले. उजव्या घोट्यावर मरेपर्यंत काळा वळ होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवलं आहे.

मुलगी एकेक वाक्य म्हातारीला चिनीत सांगत होती. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि माझ्या उघड्या घोट्याकडे पाहिलं. मी जिंकले असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

परत येताना हिरवळीवर मुलगी म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

पाच आठवडे तयार ठेवलेलं वाक्य मी फेकलं. "तू कधी विचारलंस?"

ती थांबली. "आय डिड. सेकंड ग्रेडमध्ये."

रविवारच्या मराठी वर्गात एका मैत्रिणीच्या आजीनं तिला आडनाव विचारलं होतं. ते ऐकून आजी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कोण गं?" पोरीला उत्तर येईना. घरी येऊन तिनं मला विचारलं, "आई, आपण कोण?" एकदा नाही, त्या आठवड्यात तीनदा.

"अँड यू नो व्हॉट यू सेड?" तिनं विचारलं, आणि मग मराठीत, सावकाश, माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. "पुण्याचे. जेव आता."

पुण्यात मी चार वर्षं हॉस्टेलवर होते, तेवढंच. तिच्या तोंडून इतकं स्वच्छ मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. ते तिनं आठ वर्षं सांभाळलं होतं.

संध्याकाळी मी पानं वाढली. ती आता विचारेल म्हणून वाट पाहिली. ती मान खाली घालून जेवत होती. अर्धी भाकरी संपली तरी विचारलं नाही.

मग मी पळी खाली ठेवली. "ऐक," मी म्हटलं, "आपण पुण्याचे नाही."